दिवाळीची गंमत आणि डोक्याचा ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी तर आनंदाचा सण. मग ताण कसला?

ज्याने हा प्रश्न विचारला त्याच्या घरी फराळ दुसरंच कुणीतरी करतं, असं समजायला हरकत नाही. माळे उपसायचे, पडदे धुवायचे, भाजणी दळून आणायची, गावी जायचं तिकीट प्रतीक्षा यादीतून पुढे सरकतंय का ते बघायचं, बोनसच्या भरवशावर आधीच खर्च केलेला असतो तो निस्तरायचा आणि वर ऑफिसात ‘सुट्टीआधी एवढं संपवून जा’. हे सगळं ज्याच्या नाहीतर जिच्या अंगावर पडतं, त्या माणसाला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फक्त आडवं व्हावंसं वाटतं.

या पानावरच्या सगळ्या उत्तरांमागे एकच धोरण आहे. यादीतलं एक काम खोडा आणि त्या जागी एक बिनकामाचा उद्योग घाला. किल्ला, दिवाळी अंक, पत्ते, शंभरदा बघितलेला सिनेमा, काहीही चालेल. त्यातून काही निष्पन्न होणार नाही हीच अट. निष्पन्न होणारी कामं आपल्याकडे आधीच ढिगाने पडलेली आहेत.

हसण्या-खेळण्याने ताण खरंच कमी होतो, की नुसतं मनाचं समाधान?

मनाचं समाधान झालं तरी मला पुरे आहे, पण शास्त्रही अगदीच हात वर करत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी विनोदी चित्रफिती दाखवण्याआधी आणि दाखवल्यावर लोकांची वेदना सोसायची ताकद मोजली होती. मनमुराद हसल्यावर ती वाढलेली दिसली. यामागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातलीच वेदना कमी करणारी रसायनं असावीत, असा त्यांचा कयास आहे. एकट्यापेक्षा चारजणांत आपण कितीतरी जास्त हसतो, हे तर प्रयोगाशिवायही कळतं. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी लोखंडवालातल्या बागेत मूठभर लोकांना घेऊन हास्ययोग सुरू केला, तोही असाच घोळक्याने. तिथे तर पुढे विनोदही बाद झाले, नुसतंच हसायचं ठरलं.

मात्र गंमत म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली आहे, कशातच रस वाटत नाही, दोन-दोन आठवडे मन उठतच नाही, अशी अवस्था असेल तर पत्त्यांचा डाव मांडून भागणार नाही. डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. फोन मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं.

किल्ला लहान मुलांनी करायचा असतो ना?

तसं कुठे लिहिलेलं नाही. उलट सोसायटीच्या मागच्या अंगणात नीट पाहिलंत, तर मुलं विटा आणून देतात आणि बाप चिखल कालवत बसलेला असतो, असंच दृश्य दिसेल. तासभर झाला तरी त्याने मोबाइल बघितलेला नसतो, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत असतात. मोबाइल दूर ठेवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

करायची रीत बहुतेकांना ठाऊक असते, तरी ज्यांची सवय मोडली आहे त्यांच्यासाठी सांगतो. खाली विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचून उंचवटा करा. त्यावर पातळ चिखलात बुडवून काढलेलं गोणपाट पांघरा. गोणपाटामुळे माती ओघळत नाही आणि कड्यांना आपोआप सुरकुत्या पडतात. मग वरून जाडसर माती लिंपा. ती अर्धवट सुकली की चमच्याच्या मागच्या बाजूने पायऱ्या कोरा. तटबंदी आणि बुरूज शेवटी. घाईघाईत आधी बुरूज उभारले, की पायऱ्या करताना कोसळतात.

हिरवळीसाठी अळीव घ्या. मोहरीही उगवते, पण उतारावरून घरंगळते. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतात, त्यामुळे उभ्या कड्यावरही रान माजतं. वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरून रोज नुसतं पाणी शिंपडलं, तर नरकचतुर्दशीला किल्ला हिरवा. पाणी ओतू मात्र नका, शिंपडा.

कुठला किल्ला करावा?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून हा प्रश्न फार वाढला आहे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यातला एक निवडला की निदान नकाशा बघून करता येतो, आणि ‘हा कुठला किल्ला?’ असं शेजाऱ्याने विचारल्यावर तोंडचं काहीतरी ठोकून द्यावं लागत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर लोहगड. मुख्य डोंगर कसाही झाला तरी त्याला विंचूकाट्याची लांब, निमुळती सोंड काढली की कुणीही ओळखतं. थोडक्यात मार्क मिळवून देणारा किल्ला. मुलं पाण्यात खेळायला सोकावलेली असतील तर सिंधुदुर्ग. जुनं टब किंवा घमेलं घ्या, मध्ये कुरटे बेट करा, भोवती पाणी आणि कागदी होड्या. राजगडाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या तीन दिशांना काढायच्या आणि मध्ये बालेकिल्ला, तोही सगळ्यांत उंच. भाऊबीज उजाडते तरी संजीवनी माची बाकीच असते. चेन्नईत राहणाऱ्या मराठी घरांनी जिंजी जरूर करावा. तीन टेकड्या, तिन्हींना मिळून एक तट, आणि राजाराम महाराजांची गोष्ट सांगायला आयती मिळते.

फ्लॅटमध्ये माती आणायची कुठून, ठेवायची कुठे?

रोपवाटिकेत पोत्याने मिळते. गॅलरीत आधी प्लास्टिकचा कागद अंथरा, किल्ला भिंतीला टेकवू नका, आणि खालच्या मजल्यावर दोरीवर कपडे वाळत नाहीत ना एवढं बघून मगच पाणी शिंपडा. जागा अगदीच नसेल तर परातीतला किल्लाही किल्लाच. तयार प्लास्टरचा किल्ला विकत आणून त्यावर मावळे मांडायचे, हा प्रकारही आता बोकाळला आहे. आणणाऱ्याने आणावा, पण त्यात हात मळत नाहीत, आणि खरी मजा हात मळण्यातच आहे.

किल्ल्यावर क्रिकेटचा सामना, डायनासोर आणि विमान ठेवलं तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, चालायलाच हवं. सिंहासनावर महाराज, दरवाज्यावर भालदार, तळात बाजारपेठ, हे झालं नेहमीचं. त्याच बाजारपेठेत भाजीवालीच्या आकाराची एक गाय आणि गायीच्या आकाराचा एक कोंबडा असतो, कारण मातीची चित्रं वेगवेगळ्या कुंभारांकडची आणि वेगवेगळ्या वर्षांची असतात. पलीकडे पेट्रोल पंप असतो. गुहेत वाघ असतो, त्याच्या शेजारी शाळेच्या प्रकल्पातून उरलेला पेंग्विन. इतिहासाच्या शिक्षकांना घाम फुटेल, पण पोरांच्या डोक्यात महाराजांचं राज्य इतकं ऐसपैस आहे की त्यात कुणालाही जागा मिळते. मोठ्यांनी फक्त एक करावं, सुधारणा सुचवू नये.

दिवाळी अंक अजून कोण वाचतं?

बरेच जण. दरवर्षी शेकड्यांनी निघतात, त्याअर्थी कुणीतरी घेतच असणार. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही प्रथा रुळली. म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी हवंच, ही मराठी माणसाची सवय शंभरी ओलांडून गेली आहे. अंकाचं नावच ‘मनोरंजन’ होतं, हेही लक्षात घ्या. नंतर त्यात वैचारिक लेख, परिसंवाद आणि परिसंवादावरचे आक्षेप आले. आमची हरकत नाही, पण शिणलेल्या डोक्याने सुरुवात तिथून करू नये.

हसण्यासाठी जे अंक निघतात त्यांच्यात १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या ‘आवाज’चं स्थान वेगळं आहे, ते त्याच्या खिडकीचित्रांमुळे. पानाला एक खिडकी कापलेली असते. त्या चौकटीतून जे दिसतं ते बघून माणूस आधी आजूबाजूला कुणी नाही ना बघतो. मग पान उलटतो आणि आत निघतं काहीतरी भलतंच सोज्वळ. फसलो हे कळतं, आणि हेही कळतं की चावटपणा चित्रकाराच्या नव्हे, आपल्याच डोक्यात होता. एका घरात आजोबा, वडील आणि मुलगा तिघांनीही हा अंक एकमेकांपासून लपवून वाचलेला असतो.

मुलांसाठी ‘किशोर’ आहे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेलं हे मासिक आहे आणि त्याचा दिवाळी अंक मुलांच्या आधी आईबाप पळवतात. जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. आपण लहानपणी वाचलेला अंक शोधून त्याचं मुखपृष्ठ भावंडांच्या ग्रुपवर टाकून बघा. एरवी त्या ग्रुपवर फक्त वीजबिल आणि औषधांच्या चिठ्ठ्या फिरत असतील, तर तासाभरात तिथे कल्ला होतो.

किंमत परवडत नाही अशी तक्रार असेल तर गावातल्या वाचनालयात चौकशी करा. ठरावीक वर्गणी भरून काही महिने सगळे अंक आळीपाळीने वाचायची योजना बऱ्याच ठिकाणी असते. चांगला अंक आधी मिळावा म्हणून ग्रंथपालांशी गोड बोलावं लागतं, ही वेगळी करमणूक.

अंक आणतो, पण वाचून होत नाहीत. फार अपराधी वाटतं.

कशाला? व्यंगचित्रं बघा, राशिभविष्य वाचा, जाहिराती चाळा आणि सोडून द्या. कुणी परीक्षा घेत नाही.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून काय बघावं?

नवं काही लावू नका. नव्या मालिकेत पहिला अर्धा तास कोण कोणाचं ते समजण्यात जातो, दुसऱ्या अर्ध्या तासात एखादं असं दृश्य येतं की सासरे खाकरतात आणि सून स्वयंपाकघरात जाते. थकलेल्या माणसाला पुढे काय होणार हे माहीत असलेलं बरं.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा. भाड्याने खोली मिळत नाही म्हणून चौघांतले दोघं बायका बनतात, एवढ्यावर उभा असलेला हा सिनेमा मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला. हिंदी चित्रपट फारसा कुणाला आठवत नाही, मराठीवर मात्र तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती पोरं मीम बनवतात. माझा अंदाज असा की शहरात खोली मिळण्याची मारामार अजून तशीच आहे. आजही घरमालकीण ‘लग्न झालंय का, मांसाहार करता का’ हे विचारतेच. मग अशोक सराफ तिला गुंडाळतात तेव्हा भाडेकरूंच्या तीन पिढ्यांचा सूड उगवला जातो.

हा सिनेमा बघायचा आमच्याकडे एक नियम आहे: पुढचं वाक्य पडद्याआधी जो म्हणेल त्याला चकली. चकल्या तासाभरात संपतात, तेव्हा डबा मोजून बाहेर काढावा.

घरात सहा-सात वर्षांची मुलं असतील तर ‘झपाटलेला’ लावण्याआधी विचार करा. १९९३चा हा सिनेमा आपल्याला विनोदी म्हणून आठवतो, पण रामदास पाध्यांचा तो तात्या विंचू बाहुला अंधारात लहान मुलाला अजिबात विनोदी वाटत नाही. रात्री मग आईबाप मुलाच्या दोन बाजूंना, आणि दिवा चालू.

मुलं म्हणतात, हे जुनं काय लावलंय?

त्यांना त्यांचं लावू द्या, एक तास. तुम्हीही मोबाइल बाजूला ठेवून बसा आणि कोण कोण ते विचारा. मुलांना समजावून सांगायला फार आवडतं. त्यांच्या रील्समधले अर्धे विनोद आपल्याला कळणार नाहीत, पण आपल्याला कळले नाहीत याचंच त्यांना हसू येईल. दोन्हीकडून करमणूक.

पत्त्यांत कुठला डाव मांडावा?

माणसं किती आणि वयं काय, त्यावर ठरवा.

आठ वर्षांची नात आणि ऐंशीचे आजोबा एकत्र असतील तर बदामसात. ज्याच्याकडे बदामाची सत्ती तो उतरतो, मग सत्तीच्या वर अठ्ठी, खाली छक्की, असं लावत जायचं. बाकीचे रंगही आपापल्या सत्तीनेच उघडतात. लावायला काही नसेल तर पास. दिसायला गरीब खेळ आहे, पण खरी मेख सत्ती दाबून ठेवण्यात. किलवरची सत्ती हातात धरून एखादी सात्त्विक आजी ‘माझ्याकडे काहीच नाही गं बाई’ म्हणत चार फेऱ्या पास देते आणि सगळ्यांचं किलवर अडवून ठेवते. आयुष्यभर जिने कुणाला उलट उत्तर दिलं नाही, ती इथे कुणाला सोडत नाही.

चौघंच असाल आणि डोकं चालवायचं असेल तर मेंढीकोट. समोरासमोरचे भिडू, हुकूम, आणि चार दश्श्या गोळा करायची धडपड. नवरा-बायकोने एकमेकांचे भिडू होऊ नये, असं अनुभवी लोक सांगतात. दश्शी का टाकली याची चर्चा पाडव्यापर्यंत चालते.

पाच-सहा जण असतील आणि आवाज करायची मोकळीक असेल तर झब्बू. सगळी पानं वाटायची, उतारीच्या रंगाचं पान टाकायचं. ज्याच्याकडे तो रंग नाही त्याने दुसऱ्या रंगाचं पान टाकून झब्बू द्यायचा, आणि त्या रंगाचं सगळ्यांत मोठं पान ज्याचं, त्याने अख्खा ढीग उचलायचा. पानं संपली की सुटलो. शेवटी उरतो त्याच्यावर झब्बू. जावयाला झब्बू बसला की घरातल्या बायकांना जे हसू येतं, त्याला तोड नाही.

पैसे लावू नका. पैसे आले की हिशेब येतो. शंकरपाळे लावा. जिंकणारा जिंकलेली रक्कम तिथेच खाऊन टाकतो, त्यामुळे उधारी राहत नाही.

पहाटे उठणं हाच मला सगळ्यांत मोठा ताण वाटतो.

तुम्ही एकटे नाही. म्हणून तर टीव्हीच्या जाहिरातीत दारोदार फिरून सगळ्यांना उठवणारे ते आजोबा ‘अलार्म काका’ म्हणून घराघरात पोचले. ज्याला उठायचा कंटाळा, तोही त्यांच्यावर खूश. नरकचतुर्दशीला एकदाच उठा. तेल, उटणं, गरम पाणी, पायाच्या अंगठ्याने कारिट फोडणं, आणि जिभेवर त्याचा कडू थेंब लावून तोंड वेडंवाकडं करणं. या शेवटच्या क्षणाचे फोटो काढावेत, पैठणीतल्या फोटोंपेक्षा ते जास्त टिकतात. बाकीचे दिवस खुशाल लोळा.

दिवाळी पहाटेला गेलंच पाहिजे का?

गाणं ऐकायची आवड असेल तर जा. गाण्याची नसून माणसांची आवड असेल तर डोंबिवलीचा फडके रोड किंवा ठाण्याची तलावपाळी गाठा. डोंबिवलीत त्या सकाळी सगळी तरुणाई झब्बे-साड्या घालून गणेश मंदिराच्या रस्त्यावर उतरते. कार्यक्रम काय आहे ते बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. शाळेतली मैत्रीण दहा वर्षांनी गर्दीत समोर येते, ‘तू अजून तशीच आहेस’ असं दोघीही खोटं बोलतात, आणि त्याहून सुंदर पहाट कुठल्या रंगमंचावर होत नाही. गर्दीने जीव घाबरत असेल, तर घरच्या गॅलरीत चहा आणि जुना रेडिओ. पास मिळाला नाही म्हणून हळहळू नका.

फराळ विकत आणला तर लोक काय म्हणतील?

‘छान झालाय’ म्हणतील. बचत गटांच्या आणि घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांच्या हातचा फराळ आता गल्लोगल्ली मिळतो, आणि तो आपल्यापेक्षा बरा होतो हे मान्य करण्यात कमीपणा नाही. सगळं विकत आणा आणि एकच पदार्थ घरी करा, तोही जो बिघडला तरी गंमत वाटेल असा.

माझं मत अनारशांना. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कुटून, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं. इतकं करून खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला, की तो जाळी धरेल की हसेल हे त्याच्या मर्जीवर. हसला, म्हणजे कढईत विरघळून तुकडे झाले, की स्वयंपाकघरात आधी शांतता आणि मग सगळे मिळून हसतात. गूळ जास्त झाला, पीठ सैल झालं, विस्तव मंद होता, शेजारीण बघून गेली, अशी कारणं एकेकाने सांगायची. चुरा गोड लागतोच, वाटीत घेऊन दुधाबरोबर खावा.

याशिवाय डोळे बांधून चिवडा ओळखायची स्पर्धा ठेवा. तीन-चार घरचे चिवडे वाट्यांत काढा आणि कोणाचा कुठला ते सांगा. बक्षीस नको, कारण निकालावरूनच पुरेसं रामायण होतं.

नातेवाईक पगार, लग्न आणि वजन विचारतात. काय करावं?

हाऊजी खेळा. भावंडांनी आधी एकेका कागदावर नऊ चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीत एक हमखास येणारं वाक्य लिहायचं. ‘बारीक झालीस गं’, ‘जाड झालास की’, ‘आता यंदा बार उडवून टाका’, ‘पॅकेज किती?’, ‘आमच्या वेळी चार आण्यात…’, ‘दुसऱ्याचा विचार करा आता’, ‘अमुकच्या मुलाने फ्लॅट घेतला’. पाहुण्यांच्या तोंडून वाक्य आलं की खिशातल्या कागदावर गुपचूप फुली. ओळ पूर्ण झाली की ‘चहा टाकू का?’ असं मोठ्याने विचारायचं, ही खूण. एरवी जो प्रश्न छातीत रुतला असता, तोच आता यावा म्हणून माणूस काकांकडे आशेने बघत बसतो. काकांना वाटतं, पोरगं हल्ली किती लक्ष देऊन ऐकतं.

एक सावधगिरी: कागद सोफ्यावर विसरू नये.

ऑफिसात काही करता येईल का?

पारंपरिक वेशाचा दिवस सगळीकडे होतोच. त्याऐवजी डबा उघडा ठेवून अर्धा तास बैठकीविना जाऊ दिला, तर लोक साहेबांना दुवा देतील.

फटाके?

फुलबाज्या, भुईनळे, थोडक्यात आवरतं घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती, तेव्हापासून आपल्याकडेही वेळेचे निर्बंध येतात, त्या-त्या वर्षीचा स्थानिक आदेश बघावा. खाली पार्किंगमधलं कुत्रं कुठे थरथरत बसलंय, तेही बघावं.

गोव्यात दिवाळी वेगळी असते म्हणतात, ते काय?

तिथे आदल्या रात्री नरकासुर. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, रंग, अक्राळविक्राळ दात. वाड्यावाड्यांतली पोरं कित्येक दिवस खपून हे राक्षस उभे करतात, रात्रभर त्यांच्या स्पर्धा आणि ढणढणाट, आणि उजाडायच्या आत कृष्णाच्या हातून वध होऊन जाळून टाकतात. इतक्या मेहनतीने केलेली वस्तू एका सकाळीत पेटवून द्यायची, याइतकं बिनकामाचं आणि मोकळं करणारं काम शोधून सापडणार नाही. सकाळी आंघोळी झाल्या की घरोघरी फोव, म्हणजे पोहे: गुळाचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. लोक एकमेकांकडे जाऊन सगळे चाखतात. चकली-कडबोळ्यांच्या दहा दिवसांच्या उस्तवारीने दमलेल्यांनी यातून धडा घ्यायला हरकत नाही, पोहे सकाळीच होतात.

परदेशात सुट्टी नसते. तिथे काय करायचं?

शनिवार पकडायचा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेत तर गावोगावी मंडळं आहेत, आणि त्यांची दिवाळी कॅलेंडरपेक्षा हॉल कधी मिळतो यावर ठरते. भाऊबीज झाल्यावर लक्ष्मीपूजनाचा कार्यक्रम झाला तरी कुणी रागावत नाही. बाहेर अंधार लवकर पडतो, थंडी असते, त्यामुळे पत्त्यांना आणि सिनेमाला वातावरण आपल्यापेक्षा चांगलं. किल्ला बाहेर टिकत नाही, आत करावा. अळीव गार्डन क्रेस या नावाने मिळतात. मुलांना विचारलं, तर शाळेत कधीतरी कापसावर त्यांनी ते उगवलेही असतील.

व्हॉट्सॲपवरच्या शुभेच्छांना उत्तर दिलंच पाहिजे का?

लुकलुकणाऱ्या पणतीला पणती पाठवण्यात अर्थ नाही. तीन जणांना फोन करा, बाकीच्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत आहे.

यंदा घरात दुःख आहे, सण करायचा नाही. मग?

मग करू नका, आणि उसनं हसूही आणू नका. अशा घरी फराळ तळत नाहीत, पण शेजारीपाजारी आणि सोयरे आणून देतात, ती रीत फार शहाणी आहे. तो डबा घेताना ‘कशाला एवढं’ म्हणू नका, बसवून घ्या त्यांना. गेलेल्या माणसाच्या गमती निघाल्या तर निघू द्या. झब्बूत ते कसे लबाडी करायचे ही आठवण सांगताना कुणी हसलं, तर त्याच्याकडे डोळे वटारून बघू नये. लहान मुलं असतील तर त्यांचा किल्ला मात्र थांबवू नका.

भाऊबीज झाली की एकदम सुनं वाटतं.

लगेच आवरायला घेता म्हणून. आकाशकंदील आणि किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. तळकोकणात तर दिवाळी सरल्यावरच खरी मजा सुरू होते. जत्रा लागतात, दशावतारी नाटकांचा हंगाम उघडतो, आणि रात्रभर जागून माणसं राक्षसाच्या हजरजबाबी बोलण्याला टाळ्या देतात. तिकडे गाव असेल तर एक रजा त्यासाठी राखून ठेवा. दिवाळीला गाव गाठता आलं नाही, त्यांच्यासाठी तर हा मोकाच.

उरलेल्या फराळाचं काय करावं?

चिवडा आणि शेव मिसळीत. मऊ पडलेल्या चकल्या चुरून दहीकांद्यात. शंकरपाळे कधी उरल्याचं ऐकिवात नाही. लाडू मात्र उरतात, ते सोमवारी ऑफिसात न्या आणि झाकण उघडं ठेवून कॉफी यंत्राशेजारी ठेवा. कोणी केले हे सांगू नका. चांगले असतील तर शोधत येतील, दगड झाले असतील तर नाव गुलदस्त्यात राहील.